नॉर्मल म्हणजे किती?

आज एकाच शब्दावर बोलायचं ठरवलं आहे. शब्द इंग्रजी आहे, पण आता तो आपल्या तोंडात इतका बसलाय की भाजीवालीशी बोलतानाही आपण तो सहज वापरतो. तो शब्द म्हणजे ‘नॉर्मल’.

पुण्यात दिवसभरात तो किती वेळा कानावर पडतो ते मोजून बघा. हॉटेलात टेकलं की पोऱ्या विचारतो, “पाणी गार आणू का नॉर्मल?” इथे नॉर्मल म्हणजे फ्रिजमधलं नसलेलं. पार्लरमध्ये “नॉर्मल कट करू ना?” म्हणजे साधा, फार फॅशन नको. रिक्षावाला म्हणतो, “नॉर्मल टायमाला वीस मिनिटं, आत्ता पाऊण तास धरा.” म्हणजे गर्दी नसते तेव्हा. जावा-जावांमध्ये दोन महिने अबोला होता, पण आता “नॉर्मल बोलतात.” म्हणजे भांडण मिटलं की नाही कोणास ठाऊक, निदान दिसत तरी नाही. लॅबमधून कागद आला की “सगळं नॉर्मल आहे.” म्हणजे काळजी नको. आणि सून बाळंत झाल्याचा फोन आला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, “नॉर्मल का सिझर?”

पाणी, केस, रहदारी, जाऊबाई, रक्त, बाळंतपण. सगळीकडे एकच शब्द. सोय मोठी आहे, यात शंका नाही. आपल्या ‘चांगला’ या विशेषणाला लिंग सांभाळावं लागतं, चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल. नॉर्मलला ती कटकट नाही. ‘लाल’, ‘गोड’, ‘सुंदर’ यांच्यासारखा तो कुठेही तसाच्या तसा बसतो, म्हणून पटकन रुळला.

ज्यांना इंग्रजी बोलण्याचा सराव करायचा आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी इथेच सांगून टाकते. आपलं ‘नॉर्मल पाणी’ परदेशातल्या हॉटेलात चालत नाही. तिथे ‘रूम टेंपरेचर वॉटर’ म्हणावं लागतं, नाहीतर वेटर बुचकळ्यात पडतो. आणि कुणी ‘हाऊ आर यू?’ विचारलं तर ‘आय ॲम नॉर्मल’ म्हणू नये. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘माझं डोकं ठिकाणावर आहे’ असा निघतो, आणि ते न विचारता सांगणारा माणूस जरा संशयास्पदच वाटतो. ‘आय ॲम फाईन’ पुरे. रोजच्या सवयीबद्दल बोलायचं असेल तर ‘युज्वल’ हा शब्द जास्त शोभतो. ‘ऑर्डिनरी’ आणि ‘ॲव्हरेज’ मात्र जपून वापरा. कुणाच्या स्वयंपाकाला ॲव्हरेज म्हटलं तर पुन्हा जेवायला बोलावणार नाहीत.

हे झालं वरवरचं. मला खरं बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. नॉर्मल या एका पुडीत तीन वेगवेगळे अर्थ बांधलेले आहेत. एक, बहुतेकांच्या बाबतीत जे दिसतं ते, म्हणजे नेहमीचं. दुसरा, तब्येतीला जे योग्य ते, म्हणजे निरोगी. तिसरा, जसं असायला हवं तसं, म्हणजे रीतीला धरून. मराठीत यांना वेगळे शब्द आहेत, त्यामुळे बोलताना आपण नकळत निवड करतो. नॉर्मल म्हटलं की निवड करायचीच राहते. मग पहिल्या अर्थानं सांगितलेली गोष्ट आपण दुसऱ्या अर्थानं ऐकतो, आणि बायकांच्या तब्येतीत हे फार महागात पडतं.

आधी या शब्दाचं घराणं बघू. मूळ लॅटिन शब्द ‘नॉर्मा’. त्याचा अर्थ सुताराचा गुण्या. काटकोन तपासायचं ते हत्यार तुम्ही पाहिलं असेल, गवंड्याच्या पिशवीतही असतं. गुण्याला बरोबर लागलेली चौकट ती नॉर्मल. गणितात अजूनही पृष्ठभागावर काटकोनात उभ्या असलेल्या रेषेला ‘नॉर्मल’ म्हणतात, घरात बारावी सायन्सला कुणी असेल तर विचारा. म्हणजे मुळात हा शब्द मोजायच्या साधनाचा आहे. वाड्यातल्या दहा भिंतींपैकी सहा वाकड्या असल्या म्हणून गुण्या वाकडा होत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गुण्यावरूनच पुढे ‘नॉर्मल स्कूल’ हा शब्द निघाला. शिकवावं कसं याचं माप ठरवून देणारी शाळा, म्हणजे शिक्षक तयार करण्याची शाळा. फ्रान्समधून तो इंग्रजीत आला आणि इंग्रजांबरोबर पुण्यात. सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रांत, त्यांनी तेव्हाच्या अहमदनगरला फरार बाईंकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, असा उल्लेख येतो. आज वाचणाऱ्या मुलीला वाटतं, नॉर्मल शाळा म्हणजे साधीसुधी शाळा. तसं नव्हतं. पुढे १८६६ मध्ये मेरी कार्पेंटर बाई इंग्लंडहून भारतात आल्या आणि मुलींच्या शाळांसाठी आधी शिक्षिका हव्यात, तेव्हा स्त्रियांसाठी नॉर्मल स्कुलं काढा, असा आग्रह त्यांनी सरकारकडे धरला. गंमत बघा, बाईनं शिकणं आजच्या अर्थानं अजिबात नॉर्मल नव्हतं, त्या काळात बाया नॉर्मल स्कुलात शिकत होत्या.

नॉर्मल म्हणजे ‘नेहमीचं, सर्वसाधारण’ हा अर्थ इंग्रजीत रुळला तो १८४० च्या आसपास. त्यामागे बेल्जियममधले एक गृहस्थ होते, आडॉल्फ केटले. पेशानं खगोलशास्त्रज्ञ. एकाच ताऱ्याची जागा दहा जणांनी मोजली तर दहा आकडे येतात. त्यांची सरासरी काढली की खऱ्या जागेच्या जवळ जाता येतं, हे त्यांना माहीत होतं. हीच युक्ती त्यांनी माणसांना लावली. उंची-वजनं घेतली आणि १८३५ मध्ये ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. इथवर ठीक होतं. पण ताऱ्याची जागा एकच असते, माणसं अनेक असतात. केटल्यांच्या हिशेबात सरासरी माणूस हा जणू अस्सल नमुना आणि बाकीचे आपण सगळे मोजणीतल्या चुका! सरासरी आणि आदर्श यांची गाठ तिथे बसली, ती अजून सुटलेली नाही.

या गाठीचा सगळ्यात हास्यास्पद नमुना अमेरिकेत झाला. रॉबर्ट डिकिन्सन नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एब्रम बेल्स्की नावाचे शिल्पकार यांनी हजारो गोऱ्या तरुणींच्या मापांची सरासरी काढून एका स्त्रीचा पुतळा घडवला आणि तिचं नाव ठेवलं ‘नॉर्मा’. १९४५ मध्ये क्लीव्हलँडच्या एका वर्तमानपत्रानं स्पर्धा जाहीर केली, या नॉर्माशी मापं जुळणारी बाई शोधायची. ३,८६४ बायकांनी आपली मापं पाठवली. उंची, वजन, छाती, कंबर अशी नऊ मापं होती. नऊच्या नऊ जुळणारी एकही बाई निघाली नाही. सगळ्यांची मिळून जी सरासरी, ती त्यांच्यातल्या एकीचीही नव्हती. यावर ‘मग आपला पुतळाच चुकला’ असं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी बऱ्याच शहाण्या लोकांनी निष्कर्ष काढला की बायकांनी तब्येती बिघडवून घेतल्या आहेत.

असल्या सरासरीतून निघालेलं एक माप आज आपल्या प्रत्येकीच्या फाईलमध्ये असतं, बी.एम.आय. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं, ही कृती केटल्यांचीच. तिला बी.एम.आय. हे नाव १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसल कीज यांनी दिलं, तेही हजारो पुरुषांची मापं तपासून. जगभर १८.५ ते २४.९ हा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून छापला जातो.

आता आपल्या पुण्यात या. रास्ता पेठेतल्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापलं, सोबत दोघांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो. दोघांचा बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. कोष्टकाप्रमाणे दोघेही नॉर्मल. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! दोघांच्या आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरावरून या टिपणाला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात. त्यात दुसऱ्या कुणा रोग्याला न दाखवता डॉक्टरांनी स्वतःलाच उभं केलं, हे मला फार आवडतं.

याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी सुमारे २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साऊदम्प्टनची सुमारे साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्या मापांत लहान, पण चरबीच्या बाबतीत फारशी मागे नाहीत. बारीक दिसणारी, आतून चरबी बाळगणारी. म्हणूनच आपल्याकडे सडपातळ माणसालाही मधुमेह गाठतो. या आणि अशा अभ्यासांनंतर २००९ मध्ये आपल्याकडच्या तज्ज्ञांनी भारतीयांसाठी वेगळी रेघ ओढली. नॉर्मल २२.९ पर्यंत, २३ च्या पुढे वजन जास्त, आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत. पाच फूट एक इंच, म्हणजे १५५ सेंटिमीटर उंचीच्या, ५७ किलो वजनाच्या बाईचं गणित करून बघा. तिचा बी.एम.आय. येतो २३.७. जागतिक कोष्टकात ती नॉर्मल, भारतीय कोष्टकात जास्त वजनाची. बाई तीच, वजनकाटा तोच. म्हणून कुणी नॉर्मल म्हटलं की विचारायचं, कुणाच्या मापानं?

आता तिसरा अर्थ, रीतीचा. “नॉर्मल का सिझर?” या प्रश्नात तो नेमका दडलेला आहे. खालून झालं ते नॉर्मल, मग पोट फाडून झालं ते काय, ॲबनॉर्मल? कुणी तसं म्हणत नाही, पण ज्या सुरात ‘सिझर झालं’ असं सांगितलं जातं, जरा खालच्या आवाजात, त्यात ते असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ च्या पाहणीत, महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली होती. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत तर हे प्रमाण ४७.४ टक्के होतं आणि सरकारी दवाखान्यांत १४.३. म्हणजे पहिल्या अर्थानं, ‘सर्रास होणारं’ या अर्थानं, खासगी दवाखान्यात सिझर आता चांगलंच नॉर्मल झालंय. ते इतकं सर्रास व्हावं का, हा प्रश्न विचारायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की एखाद्या समाजात हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्यानं आई-बाळांचे मृत्यू आणखी कमी झालेले दिसत नाहीत. पण तो प्रश्न दवाखान्याला आणि डॉक्टरांना विचारायचा. टाक्यांनी कण्हत पडलेल्या बाईला “तुझं नॉर्मल का नाही झालं?” असं विचारणं हा निव्वळ निर्दयपणा आहे.

याची दुसरी बाजूही आहे. जिचं ‘नॉर्मल’ झालं, तिला काहीच झालं नाही असं घरच्यांना वाटतं. चोवीस तास कळा, खाली टाके, कधी चिमटा लावलेला, रक्त बरंच गेलेलं, पण नाव नॉर्मल! मग तिसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी. शब्दानं तिचं दुखणं पुसूनच टाकलं. परदेशातले डॉक्टर आता नुसतं प्रसूती कोणत्या मार्गानं झाली ते सांगतात, नॉर्मल-बिर्मल म्हणत नाहीत. आपल्याकडे तर याहून चांगली रीत होती. निरोप यायचा, “मोकळी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.” कशी झाली हे ज्याला कळायचं त्याला कळायचं, पण पहिला निरोप दोघांच्या सुखरूपपणाचा असायचा. ‘सुखरूप’ हा शब्द आपण का टाकून दिला, मला समजत नाही.

हाच तिसरा अर्थ मुलांच्या बाबतीत आणखी बोचतो. अपंगत्व असलेल्या मुलाच्या आईसमोर आपण सहज म्हणून जातो, “नॉर्मल मुलांबरोबर खेळतो का हो तो?” २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे, त्यांत डोळ्यांना दिसणारी आहेत तशी न दिसणारीही आहेत. तिथे ‘इतर मुलांबरोबर’ एवढं म्हटलं तरी पुरतं, वाक्याचं काही अडत नाही. शांपूच्या बाटलीवर ‘नॉर्मल केसांसाठी’ असं छापलेलं असायचं ना, तेही युनिलिव्हर कंपनीनं २०२१ मध्ये आपल्या मालावरून काढून टाकायचं जाहीर केलं, कारण लोकांना ते वाचून आपण त्यातले नाही असं वाटतं. कंपन्या असले निर्णय धंदा बघूनच घेतात, हे उघड आहे. तरी गेला शब्द तर बरंच.

आता सगळ्यांत महत्त्वाचा अर्थ, तब्येतीचा. लॅबच्या कागदावर तुमच्या आकड्याच्या शेजारी दोन आकडे छापलेले असतात, इतक्यापासून इतक्यापर्यंत. तीच ती नॉर्मलची चौकट. ती कशी ठरते? बऱ्याच निरोगी लोकांची तपासणी करतात, आकडे ओळीनं मांडतात आणि मधले ९५ टक्के घेतात. वरचे अडीच आणि खालचे अडीच टक्के सोडून देतात. म्हणजे वीस निरोगी माणसांत एकाचा आकडा चौकटीबाहेर पडणार हे आधीच ठरलेलं. सणासुदीला ‘फुल बॉडी चेकअप’च्या सवलती निघतात. त्यात एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर ठणठणीत बाईचाही एखादा तरी आकडा बाहेर जाण्याची शक्यता शंभरात ६४ आहे. म्हणून ठळक अक्षरात छापलेला एखादा आकडा बघून लगेच हातपाय गाळू नका. आकडा किती बाहेर आहे आणि तुम्हाला त्रास काय होतोय, हे दोन्ही डॉक्टरांना बघू द्या. मागच्या वर्षीचा कागद जवळ असेल तर फारच उत्तम, कारण तुमचा आकडा तुमच्याच जुन्या आकड्याशी ताडून बघता येतो. मराठीत तब्येतीला ‘प्रकृती’ म्हणतात आणि प्रकृती ज्याची त्याची वेगळी असते, हे आपल्या आज्यांना लॅबशिवायही ठाऊक होतं.

पण काही आकडे असे नुसते मधले लोक बघून ठरवता येत नाहीत. तिथे गुण्याच लावावा लागतो. हिमोग्लोबिन त्यातलं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. गरोदर बाईसाठी ही रेघ साधारण ११ ची, पुरुषांसाठी १३ ची. मघाशी सांगितलेल्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त! आता नॉर्मलचा पहिला अर्थ घेतला, तर महाराष्ट्रात रक्त कमी असणं हेच नॉर्मल. आणि आपण तसंच वागतो. “साडेनऊ आहे? अगं, माझं नऊच असतं, बायकांचं एवढंच असतं.” जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळे मिटतात, केस गळतात, माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते, आणि आजूबाजूच्या सगळ्याच तशा, त्यामुळे कुणाला काही खटकत नाही. वाड्यातल्या निम्म्याहून जास्त भिंती वाकड्या आहेत, मैत्रिणींनो. गुण्या १२ चाच आहे.

रक्त कमी असण्याचं कारण प्रत्येकीचं वेगळं असू शकतं. जेवणात लोह कमी, पाळीत रक्त जास्त जाणं, पाठोपाठची बाळंतपणं, जंत, कधी बी-१२ ची कमतरता. म्हणून नुसत्या गोळ्या आणून गिळू नका, कारण शोधून घ्या. गोळी सुरू झालीच तर चहा-कॉफीबरोबर घेऊ नका, लोह अंगात शिरत नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उलट मदतच होते. शौचाला काळी होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नका.

पाळीच्या दुखण्याचंही असंच. मुलगी पोट धरून रडते आणि घरातल्या तीन पिढ्या तिला सांगतात, “नॉर्मल आहे, सगळ्यांचंच दुखतं, लग्न झालं की थांबेल.” थोडं दुखणं बहुतेकींना असतं, खरं आहे. पण दर महिन्याला शाळा किंवा काम बुडावं, उलट्या व्हाव्यात, गोळी घेऊनही भागू नये, इतकं दुखणं अंगावर काढायचं नाही. जगात दर दहा बायकांतल्या साधारण एकीला एंडोमेट्रिओसिस असतो, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर भलतीकडे वाढतो. त्याचं निदान व्हायला कित्येकींची वर्षंच्या वर्षं जातात, आणि उशिराचं एक मोठं कारण म्हणजे हेच तीन पिढ्यांचं ‘नॉर्मल’. ते प्रेमानं सांगितलेलं असतं म्हणून मुलगी गप्प बसते.

पाळी २१ ते ३५ दिवसांत कधीही आली तरी चालतं, ठरल्या तारखेलाच यायला हवी असं नाही. तेव्हा दोन दिवस पुढे-मागे झालं म्हणून जीव टांगणीला लावू नका. मात्र रक्तस्राव सात दिवसांच्या पुढे चालला, तासा-तासाला पॅड बदलावं लागलं किंवा मोठ्या गाठी पडू लागल्या तर दाखवायला हवं. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेलं, नुसता डाग दिसला तरी, तो कधीही नॉर्मल समजायचा नाही. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघतं. पण गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असाच सुरू होतो आणि लवकर सापडला तर बरा होण्यासारखा असतो. “वय झालं, होतं असं” हे वाक्य इथे चालणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. खोकताना, शिंकताना, हसताना लघवी निसटणं. बाळंतपणं झालेल्या, वय झालेल्या कितीतरी जणींना हा त्रास असतो, म्हणून ‘हे असंच असतं’ असं धरून त्या बाहेर जाणं कमी करतात, देवळात भजनाला मागे बसतात, पाणी कमी पितात. त्रास सर्रास आहे, पण त्यावर इलाज आहे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, लघवी रोखून धरताना आपण जे स्नायू आवळतो तेच आवळायचे आणि सोडायचे, पण लघवी करताना नव्हे. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट ते नीट शिकवतात. काही महिने रोज केले तर पुष्कळजणींना फरक पडतो.

डॉक्टरांकडे जाताना एक चिठ्ठी लिहून न्या. शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा, किती दिवस गेलं, दिवसाला किती पॅड लागले, दुखण्यानं किती दिवस काम बुडालं, हल्ली कोणत्या गोळ्या चालू आहेत. तिथे आत गेल्यावर निम्मं विसरायला होतं आणि बाहेर रांग असल्यानं डॉक्टरही घाईत असतात. तपासून झाल्यावर ते “नॉर्मल आहे” म्हणाले, तर संकोच न करता विचारा, “म्हणजे सगळ्यांना होतं म्हणून, का यानं मला काही अपाय नाही म्हणून?” चांगले डॉक्टर या प्रश्नानं चिडत नाहीत. आणि आकडा सांगितला असेल तर तो त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या, तारखेसकट.